कळवतो म्हणालात ना?

‘बघून कळवतो.’ ‘साहेबांशी बोलून कळवतो.’ ‘उद्या सकाळी नक्की कळवतो.’ भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत कुठल्याही शेडमध्ये तासभर बसा, हा शब्द दहा वेळा तरी कानावर पडेल. त्यातलं खरोखर कळवलं जातं ते फार थोडं. लेथ आणि मिलिंगचं जॉबवर्क करणारा छोटा कारखाना बावीस वर्षं चालवल्यावर माझी खात्री झाली आहे की, आपल्या माणसांना ओळखींची वाण नसते. कॉलेजचा वर्ग, गणेश मंडळ, सोसायटी, जुनी कंपनी, गावाकडची माणसं असं बघितलं तर दोनशे नावं सहज निघतात. काम हातचं जातं ते ओळख झाल्यानंतर, कळवायचं राहून जातं तिथे.

नुकताच व्यवसाय सुरू केलेल्या आणि कंपनीत पर्चेस, सेल्स किंवा अकाउंट्सच्या टेबलावर पहिल्यांदाच बसलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. हस्तांदोलन कसं करावं, मेलच्या सुरुवातीला काय लिहावं हे तुम्ही पंधरा दिवसांत बघून बघून शिकाल. समोरच्या माणसाला ताटकळत न ठेवण्याची सवय मात्र कुणी शिकवत नाही आणि ती आपोआप लागतही नाही.

आधी दूरच्या ओळखींविषयी, कारण तिथेच आपण सगळ्यात निष्काळजी असतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नोकरी बदललेल्या लोकांचा अभ्यास केला आणि १९७३ साली त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. ज्यांना नोकरीची खबर ओळखीतून लागली होती त्यांना त्याने विचारलं, की खबर देणारा माणूस तेव्हा तुम्हाला किती वेळा भेटायचा? वारंवार भेटणारे निघाले जेमतेम १७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५५ टक्क्यांहून जास्त, आणि क्वचित भेटणारे जवळपास २८ टक्के. रोज चहाला भेटणाऱ्या मित्राला जे ठाऊक असतं ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असतं. नवी बातमी येते ती दुसऱ्या घोळक्यातून. मला यात आणखी एक गोष्ट दिसते. जवळचा मित्र आपल्याला वीस वर्षं ओळखतो. एखादा फोन राहिला तर ‘असेल गडबडीत’ म्हणून तो सोडून देतो. दूरच्या माणसाकडे आपल्याला जोखायला तेवढा एकच फोन असतो.

अशा ओळखी व्हायची ठिकाणं आता पुष्कळ झाली आहेत. इव्हान मायस्नर यांनी १९८५ साली अमेरिकेत सुरू केलेल्या बीएनआयचे चॅप्टर आपल्याकडेही दर आठवड्याला भरतात. माधवराव भिडे यांनी उभा केलेला सॅटर्डे क्लब मराठी उद्योजकांना एकत्र आणतो. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९२७ साली सुरू झालेलं महाराष्ट्र चेंबर आहे, पुण्यात १९३४ पासूनचं मराठा चेंबर आहे. कुठेही जा, मिनिटभरात स्वतःची ओळख करून द्यावी लागते, आणि तिथे दहापैकी सात जण एकच वाक्य बोलतात: ‘आम्ही सगळ्या प्रकारची मशिनिंगची कामं करतो.’ सगळं करणारा माणूस कुणाच्या लक्षात राहत नाही. त्यापेक्षा सांगा, ‘पाच ते साठ मिलिमीटर व्यासाचे पितळी बुश, पन्नास नगांपासून पाचशेपर्यंत, ड्रॉइंग मिळाल्यापासून आठ दिवसांत.’ आणि मागतानाही नेमकं मागा. ‘काही काम असेल तर सांगा’ म्हटलं की ऐकणारा मान हलवतो आणि विसरतो. ‘चाकणला पंप बनवणाऱ्या एखाद्या कंपनीच्या पर्चेसमध्ये कुणी ओळखीचं आहे का?’ असं विचारलं की त्याला आपला मेहुणा आठवतो.

कार्ड मिळालं की त्याच संध्याकाळी त्याच्या पाठीमागे तीन गोष्टी लिहून ठेवा. कुठे भेटलो, काय बोलणं झालं, आणि मी काय कळवायचं कबूल केलं. ही तिसरी ओळ नसेल तर ते कार्ड महिन्याभरात ड्रॉवरमधल्या रबरबँडच्या गठ्ठ्यात जातं आणि तिथेच राहतं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत एक छोटा मेसेज जाऊ द्या: ‘नमस्कार, काल मोशीच्या प्रदर्शनात आपली भेट झाली. आपण गनमेटलच्या बुशबद्दल विचारलं होतं. आम्ही केलेल्या दोन नगांचे फोटो आणि साइज सोबत पाठवतो आहे. सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास फोन केला तर चालेल का?’ एवढं पुरे. कंपनीचा चाळीस पानी प्रोफाइल पहिल्याच मेसेजला जोडू नये. मोबाइलवर तो कुणी उघडत नाही. आणि सोमवारी अकराला फोन करतो म्हटलं तर सोमवारी अकरालाच करायचा.

फोनवर पहिल्या दहा सेकंदांत चार गोष्टी सांगाव्यात: नाव, गाव किंवा कंपनी, नंबर कुणी दिला, आणि काम काय. ‘ओळखलंत का?’ अशी सुरुवात कधी करू नये. समोरचा अवघडतो आणि पुढचं सगळं बोलणं त्याच अवघडलेपणात होतं. नंतर ‘आत्ता दोन मिनिटं बोलता येईल का?’ हे विचारावं आणि ‘नाही’ म्हटलं तर लगेच ‘मग कधी करू?’ असं विचारून वेळ घ्यावी. मराठी माणसांबद्दल एक सांगतो, कारण ते मला मनापासून खटकतं. समोरच्याचं नाव स्पष्ट मराठी असतानाही आपण फोनवर हिंदीत सुरुवात करतो आणि दोन मराठी माणसं दहा मिनिटं मोडक्या हिंदीत दरांची घासाघीस करत बसतात. ‘नमस्कार’ म्हणून मराठीत सुरुवात करावी. उत्तर हिंदीत किंवा इंग्रजीत आलं तर आपण बदलावं. कोइमतूरच्या किंवा राजकोटच्या माणसाशी त्याला सोयीची भाषा वापरणं हे तर साधं सौजन्य आहे.

हाक कशी मारावी? मेलखाली समोरचा स्वतःचं नाव जसं लिहितो तसं आपण मेलमध्ये वापरावं. परदेशी मालकीच्या कंपन्यांत प्लँट हेडलाही नुसत्या नावाने लिहितात. तिथे ‘रिस्पेक्टेड सर’ विचित्र दिसतं. तोच माणूस मराठीत फोनवर असेल तर ‘सर’ किंवा आडनावापुढे ‘साहेब’ आपसूक येतं, आणि ते योग्यच आहे. गेटवरच्या सिक्युरिटीच्या माणसाला आणि स्टोअरमध्ये माल उतरवून घेणाऱ्यांनाही ‘अहो-जाहो’च करावं. गाडी दोन तास गेटबाहेर उभी राहणार की दहा मिनिटांत आत जाणार, हे बऱ्याचदा त्यांच्याच हातात असतं. अर्थात गाडीचा विचार बाजूला ठेवला तरी माणसाशी असंच बोलायचं असतं.

बायकांशी बोलताना होणाऱ्या चुका मी माझ्या बायकोमुळे नीट ऐकल्या. आमचे सगळे हिशेब आणि डिस्पॅच तीच बघते. वर्षानुवर्षं लोक फोनवर तिला ‘वहिनी, साहेब आहेत का?’ असं विचारत आले. ‘वहिनी’ म्हटलं की ती कुणाची तरी बायको होते. कामाची अधिकारी राहत नाही. ज्या बिलावर तिची सही आहे त्याविषयी विचारायला फोन करणारा माणूससुद्धा ‘मिस्टरांना द्या’ म्हणायचा. मॅडम म्हणा, ताई म्हणा, नावापुढे आडनाव लावून बोला. आणि जिच्याशी बोलताय तिच्याशीच बोलणं पूर्ण करा. भेटीला गेलात आणि टेबलापलीकडे एक पुरुष व एक बाई बसली असेल, तर कोण काय काम बघतं हे विचारल्याशिवाय सगळी उत्तरं पुरुषाकडे बघून देऊ नका.

आता मूळ मुद्दा. एन्क्वायरी येते, सोबत ड्रॉइंग असतं, आणि आपल्याला दिसतं की हे काम आपल्या मशीनवर होणार नाही किंवा या महिन्यात जागाच नाही. अशा वेळी आपण काय करतो? गप्प बसतो. नाही म्हणणं जिवावर येतं, पुढच्या वेळी विचारणार नाहीत अशी भीती वाटते. तिकडे पर्चेसच्या माणसाला तीन कोटेशन जमवून तुलनेचा तक्ता वर पाठवायचा असतो आणि तो आपल्या भरवशावर चार दिवस थांबलेला असतो. दोन तासांत पाठवलेलं ‘नाही’ त्याच्या दृष्टीने मोलाचं असतं. ‘या साइजचं काम आमच्याकडे होत नाही. आमच्या ओळखीचे एक जण करतात, हवा असेल तर त्यांना विचारून नंबर देतो. पन्नास मिलिमीटरच्या आतलं काही असेल तर आम्हाला जरूर विचारा.’ असं कळवणाऱ्याला तो पुन्हा फोन करतो, हा माझा कित्येक वर्षांचा अनुभव आहे.

टेबलाच्या पलीकडे बसलेल्या तरुणांना याहून कळकळीने सांगायचं आहे. तुम्ही पाच जणांकडून कोटेशन मागवता. त्यातला एक जण रात्री जेवण झाल्यावर तुमचं ड्रॉइंग उघडून बसतो, मटेरियलचा आजचा भाव काढतो, एका नगाला किती मिनिटं लागतील ते मांडतो, प्लेटिंगवाल्याला फोन लावून दर विचारतो. एका साध्या पार्टच्या कोटेशनमागे दीड-दोन तास जातात. काम दुसऱ्याला दिलंत यात काहीच गैर नाही. पण उरलेल्या चौघांना दोन ओळी लिहायला पाच मिनिटं लागतात: ‘ऑर्डर दुसरीकडे दिली आहे. तुमचा दर साधारण बारा टक्क्यांनी जास्त होता. पुढच्या एन्क्वायरीत नक्की विचारू.’ दुसऱ्याचा नेमका दर किंवा नाव सांगू नये, ते गोपनीयच राहायला हवं. पण दर जास्त होता, मुदत जास्त होती की कागदपत्रं अपुरी होती, एवढं कळलं तरी तो माणूस सुधारतो. न कळवल्यामुळे तो महिनाभर मशीनवर जागा राखून बसतो. मी बसलो आहे.

व्हॉट्सॲपने हे सगळं सोपं केलं आणि बिघडवलंही. माझे नियम साधे आहेत. रात्री आठनंतर आणि रविवारी कामाचा मेसेज नाही. ब्रेकडाउन असेल तर थेट फोन. ऑर्डर, दर, संख्या, तारीख यांतलं काहीही व्हॉइस नोटमध्ये नाही, कारण महिन्यानंतर ती शोधता येत नाही आणि समोरचा मीटिंगमध्ये असेल तर ऐकताही येत नाही. फोनवर ‘पाचशेचे सातशे करा’ असं ठरलं की फोन ठेवल्या ठेवल्या एक मेल जाते: ‘आत्ता फोनवर ठरल्याप्रमाणे संख्या ५०० ऐवजी ७०० नग, दर तोच, तारीख २० ऐवजी २६. पीओ सुधारून पाठवावा.’ यात अविश्वासाचा भाग नाही. फोनवर बोललेला माणूस उद्या बदलून दुसऱ्या खात्यात जाऊ शकतो. मेलच्या विषयाच्या ओळीत पार्टचं नाव आणि पीओ नंबर असावा. नुसतं ‘अर्जंट’ किंवा ‘हाय’ असं लिहिलेली मेल दोन आठवड्यांनी शोधायला गेलात की त्रास समजतो. विचारल्याशिवाय कुणाला ग्रुपमध्ये टाकू नये, आणि शंभर जणांच्या ग्रुपमध्ये ज्याचं काम त्याचं उत्तर त्याला स्वतंत्र पाठवावं.

संपर्कात राहायचं म्हणून रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या मनात आपुलकी असते हे मला मान्य आहे, पण त्या ढिगात त्यांचा कामाचा मेसेजही बुडतो. ग्राहकाशी बोलत राहण्याची आपल्याकडे फार चांगली परंपरा आहे. १९२० साली किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढायला सुरुवात केली, ते कारखान्याचं खबरपत्र म्हणूनच. पुढे त्याचं ‘किर्लोस्कर’ हे मोठं मासिक झालं, कारण त्यात वाचणाऱ्याच्या उपयोगाचं काही असायचं. आपण मासिक काढणार नाही. पण पितळेचा भाव वाढायला लागला तर तीन ग्राहकांना आधी सांगू शकतो, नवं मशीन आलं की त्यावर काय होईल हे फोटोसकट कळवू शकतो. आणि वर्षातून एकदा खंडेनवमीला, मशीन पुसूनपासून हार घातलेल्या शेडमध्ये त्यांना पेढा खायला बोलावू शकतो. ग्राहकाने आपली जागा डोळ्यांनी बघितली की पुढचे कितीतरी फोन वाचतात.

वाईट बातमी कळवण्याबद्दल माझ्याच चुकीची गोष्ट सांगितली पाहिजे. कारखान्याचं पाचवं वर्ष होतं. शाफ्टचा एक लॉट हीट ट्रीटमेंटहून आला तो वाकलेला. डिलिव्हरीला चार दिवस होते. दुसरा लॉट करून वेळेत देऊ, असं मनाशी धरून मी ग्राहकाला काहीच सांगितलं नाही. त्यांच्या फोनला ‘होतंय, कळवतो’ म्हणत राहिलो. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सांगावं लागलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांची असेंब्ली लाइन माझ्यामुळे थांबली. त्यांचे पर्चेस मॅनेजर शांतपणे एवढंच म्हणाले, ‘मंगळवारी सांगितलं असतंत तर मी दुसरं मॉडेल लाइनवर घेतलं असतं.’ ते काम मला पुढे कधीच मिळालं नाही. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे की, तारीख हुकणार अशी शंका आली त्याच दिवशी फोन जातो. त्या फोनमध्ये तीन गोष्टी असतात: काय झालं, आज किती नग तयार आहेत, आणि उरलेले कोणत्या तारखेला. कारणांची लांबण नको. जी तारीख सांगाल तिच्यात एक दिवस हाताशी ठेवून सांगा, कारण दुसऱ्यांदा तारीख हुकली तर पहिल्या फोनची सगळी पुण्याई जाते.

पैसे मागणं हा आपल्या संकोचाचा कळस. माल दिला, तो वापरला गेला, तरी आपण असे बोलतो जणू उसने मागतोय. आणि तीन महिने गप्प बसून चौथ्या महिन्यात एकदम आवाज चढवतो. दोन्ही टाळायचं तर बोलणं आधीपासून सुरू व्हावं लागतं. पैशांची मुदत कोटेशनमध्ये लिहा, बिलावर लिहा. माल पोचल्यावर आठवड्याने अकाउंट्सला विचारा, ‘बिल तुमच्याकडे आलं का, काही त्रुटी आहे का?’ निम्मी बिलं पीओ नंबर चुकला, चलनावर शिक्का नाही, असल्या कारणांनी अडकलेली असतात आणि ते आपल्याला कुणी कळवत नाही. मुदतीच्या दोन दिवस आधी बिल नंबर, तारीख आणि रक्कम लिहून मेल करा. मुदत उलटली तर फोनवर ‘पैसे कधी देणार?’ याऐवजी ‘कोणत्या तारखेच्या पेमेंट रनमध्ये हे बिल आहे?’ असं विचारा. तारीख मिळाली की ती मेलवर लिहून पाठवा. मालकाला थेट फोन लावण्याआधी अकाउंट्सच्या माणसाला सांगा की आता मी वर बोलणार आहे. त्याला तोंडघशी पाडून मिळालेले पैसे पुढच्या बिलाला महाग पडतात.

कायदा काय म्हणतो हेही ठाऊक असावं. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागू होतं. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकरातल्या बदलामुळे, अशा उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळते. म्हणून मार्चमध्ये अकाउंट्सवाले आपण होऊन फोन करतात. यासाठी उद्यम नोंदणी लागते, ती ऑर्डर घेण्याआधीच करून ठेवा. नुसतं ट्रेडिंग करणाऱ्यांना या मुदतीचं संरक्षण मिळत नाही. माझा सल्ला असा की उद्यम नंबर पहिल्या कोटेशनपासून प्रत्येक कागदावर छापलेला असावा. तो नंबर शांतपणे सगळं सांगतो. चौथ्या फोनवर कायद्याचं नाव काढलं की ती धमकी होते, आणि ज्यांच्याबरोबर पुढे काम करायचं आहे त्यांना धमकी देऊ नये. सरकारच्या पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. ती जरूर करा, पण काम संपवायची तयारी झाल्यावर.

शेवटी शब्द टाकणाऱ्यांविषयी. कुणीतरी आपल्यासाठी त्याच्या ओळखीच्या माणसाला फोन करतो, ‘पोरगा चांगला आहे, एकदा भेटा’ म्हणतो. तो आपलं नाव पणाला लावत असतो. आपण त्या माणसाला भेटून येतो, काम मिळतं किंवा मिळत नाही, आणि शब्द टाकणाऱ्याला काहीच सांगत नाही. सहा महिन्यांनी एखाद्या लग्नात तो त्या साहेबांना भेटतो आणि त्यांच्या तोंडून त्याला कळतं की आपण गेलोच नव्हतो, किंवा गेलो आणि सॅम्पल पाठवतो म्हणून पाठवलंच नाही. या माणसाला तीन फोन जायला हवेत: भेटीची वेळ ठरली तेव्हा, भेट झाली त्या संध्याकाळी, आणि निर्णय लागला तेव्हा, मग तो काहीही असो. माझ्या पहिल्या मोठ्या ऑर्डरसाठी एका निवृत्त फोरमनने असाच शब्द टाकला होता. ऑर्डर मला मिळाली नाही, तरी त्या रात्री मी त्यांना फोन करून दर कुठे जास्त पडला ते सांगितलं. ते म्हणाले, ‘उद्या ड्रॉइंग घेऊन घरी ये.’ दुसऱ्या दिवशी त्यांच्या गच्चीवर बसून त्यांनी मला सेटिंगचा वेळ कसा कमी करायचा ते कागदावर काढून दाखवलं, आणि आठ महिन्यांनी त्याच कंपनीचं काम त्याच कागदावरच्या दराने आमच्याकडे आलं.